स्पॅनिश भाषेंतील दोन 'असणें'

सुशिक्षित घरांतील मुलें-मुली आतां फ्रेंच-जर्मनबरोबर स्पॅनिशही शिकूं लागलीं आहेत. ही भाषा तीं शिकतात इंग्रजीच्या द्वारें, आणि अडखळतात तींही पुष्कळदां इंग्रजीमुळेंच, असें आम्हांस वाटतें.

इंग्रजींत 'आस्क' हें एकच क्रियापद. स्पॅनिशमध्यें वस्तु मागावयाची तर 'पेदिर', प्रश्न विचारावयाचा तर 'प्रेगुंतार'. मागणें आणि विचारणें यांची गल्लत आपल्याकडे लहान मूलही करीत नाहीं. इंग्रजी 'नो'चेही असेच दोन वांटे होतात : एखाद्या गृहस्थाचा पत्ता ठाऊक असणें तें 'साबेर', खुद्द त्या गृहस्थाची ओळख असणें तें 'कोनोसेर'. पोहतां येतें हें सांगतांना पुन्हां 'साबेर'च. अंगांत ताप आहे म्हणून आज पोहवत नाहीं, तेथें मात्र 'पोदेर'. हा भेद आपण व्याकरण न शिकतांच पाळतों.

खरी अडचण 'सेर' व 'एस्तार' यांची. दोहोंचा अर्थ 'असणें', आणि येथें मराठी हात देत नाहीं. कायमच्या गोष्टीस 'सेर', तात्पुरत्या गोष्टीस 'एस्तार', असा नियम विद्यार्थ्यांस सांगतात. पण तो फार दिवस टिकत नाहीं. मरणाहून कायमचें तें काय? तरी मेलेल्या माणसाविषयीं 'एस्ता मुएर्तो' असेंच म्हणतात. माद्रिद शहर उद्यां उठून दुसरीकडे जाणार नाहीं, तरी तें स्पेनमध्यें 'एस्ता'.

अशा वेळीं आजोबांच्या संस्कृताकडे वळावें. 'एस्तार' हें लॅटिन 'स्तारे', म्हणजे उभें राहणें, यापासून आलें, आणि तें आपल्या 'स्था' धातूच्या कुळांतलें. 'सेर'चें 'एस' हें रूप लॅटिन 'एस्त'पासूनचें. तें आपल्या 'अस्ति'चें भावंड. तेव्हां स्थिति किंवा स्थान सांगावयाचें तेथें 'एस्तार'. मनुष्य कोण, कोणत्या गांवचा, कसल्या स्वभावाचा, हें सांगावयाचें तेथें 'सेर'. मरण ही स्थितीच होय. (लग्न कोठें आहे हें सांगतांना मात्र 'सेर' येतें, लग्न कांहीं एका जागीं उभें नसतें, तें घडतें, असें समजून घ्यावें.)

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. मुलगा 'एस लिस्तो' म्हणजे हुशार, 'एस्ता लिस्तो' म्हणजे निघावयास तयार. येथवर फारसें बिघडत नाहीं. परंतु स्पेनमधील यजमानांस पत्र लिहितांना त्यांच्या मातोश्रींच्या आजाराविषयीं 'एस्ता माला' याऐवजीं कोणी 'एस माला' लिहिलें, तर त्या दुष्ट आहेत असा अर्थ होतो!

एका ठिकाणीं मात्र आपलें मराठीपणच आडवें येतें. आंतून हांक आली कीं आपण 'आलों' म्हणतों. स्पॅनिश माणूस 'बोय', म्हणजे 'जातों', म्हणतो. बोलणारा असेल तेथून निघणें तें 'ईर', बोलणाऱ्याकडे येणें तें 'बेनिर', यांत ते लोक सूट देत नाहींत. घराबाहेर पडतांना 'जातों' म्हणण्याची ज्या घरांत चोरी, तेथील मुलांच्या तोंडीं 'बोय' बसावयास थोडा वेळ लागेल.