मधोमध धरायला एक हात

गेल्या रमजानमध्ये आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने जाहीर केले, की ईदला ती सगळ्या भावंडांना स्वतः केलेले लोकरीचे ब्रेसलेट देणार. यादी केली तेव्हा चुलत, मामे, खालाजाद मिळून नावे निघाली बारा. रोज असरनंतर आम्हा दोघांपैकी एकाने तिच्याजवळ बसायचे ठरले. आम्हीही तोंडभरून म्हणालो, "इन्शाअल्लाह, रोज बसू."

पीळ देण्याचे यंत्र घरीच झाले. रिफिल काढलेल्या बॉलपेनच्या नळीतून सायकलच्या चाकातील जुनी तार ओवली. पकडीने तिच्या एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला फिरवायची मूठ वळवली. तारेची टोके कानशीने घासून बोथट केली. हे काम मोठ्यांनीच करावे. एका हाताने नळी धरायची, दुसऱ्याने मूठ फिरवायची.

लोकर प्रत्येकी पस्तीस सेंटीमीटर, दोन रंगांची. पहिल्यांदा आम्ही दोन्ही रंग एकत्र धरले आणि रंगांचा नुसता गोंधळ झाला. मग दोन तुकडे टोकाला टोक लावून गाठले, तेव्हा सुरेख पट्टे उमटले. या लांब धाग्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधावे, दुसरे आकड्यात अडकवावे आणि धागा ताणून धरत एकाच दिशेने फिरवत राहावे. जरा सैल सोडताच धागा स्वतःभोवती वेटोळे घालू लागला, की पीळ पुरेसा झाला असे समजावे.

आता दुसरा माणूस लागतो. त्याने मधली गाठ घट्ट धरायची, मुलाने धागा ताणलेलाच ठेवून आकड्याचे टोक गजाकडे न्यायचे. दोन्ही टोके एकत्र आली, की मधली गाठ हळूहळू सोडायची. प्रत्येक पदर आपला पीळ उलगडू पाहतो आणि त्या ओढीत दोघे एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळले जातात. एकाची ओढ दुसरा अडवतो, म्हणून पीळ टिकतो. कोकणात काथ्याची दोरी वळतात, तिचेही मर्म हेच. शेवटी टोकांना एक गाठ मारली, की झाले.

दोन दिवस आम्ही बसलो. तिसऱ्या दिवशी एकाला इफ्तारीची घाई आणि दुसऱ्याच्या कानाला मोबाईल. चौथ्या दिवशीही तेच. "इन्शाअल्लाह, उद्या," आम्ही म्हणालो. मगरीबनंतर पाहिले, तर खिडकीखाली लोकरीचा गुंता पडलेला. तिने एकटीने करून पाहिले होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अम्मी, मधोमध धरायला कोणी नव्हतं."

त्या रात्री आम्हाला सूरह अन्-नहलची ९२वी आयत आठवली. शपथ मोडणाऱ्यांसाठी तिथे दाखला आहे तो मेहनतीने कातलेले सूत स्वतःच उकलणाऱ्या बाईचा. आजवर आम्ही तो मोठमोठ्या करारांपुरता समजत होतो. आमच्या घरात 'इन्शाअल्लाह' या शब्दाचा अर्थ मुले 'बहुधा नाही' असा लावू लागली होती, आणि तो त्यांना आम्हीच शिकवला होता.

दुसऱ्या दिवसापासून असरनंतर मोबाईल कपाटात गेला. भजी कमी झाली, पण कोणी तक्रार केली नाही. चाँदरातीला बारावे ब्रेसलेट तयार झाले.

आपणही करून पाहा. ब्रेसलेट मनगटावर बांधताना आत एक बोट सहज जाईल इतके सैल ठेवा, झोपताना काढा आणि तीन वर्षांखालील मुलांच्या हाती लोकर देऊ नका. हा दोरा शोभेचा आहे, नजर उतरवणारा नाही, हेही बोलता बोलता सांगा. मात्र लोकर आणण्याआधी स्वतःची वेळ ठरवा, आणि 'इन्शाअल्लाह' म्हणाल तेव्हा येऊन बसा.