लोणारसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी थोड्याच दिवसांत गुलाबी झाले. बुलढाणा जिल्ह्यातील या सरोवराची छायाचित्रे तेव्हा देशभर पोहोचली. ती पाहून पुष्कळांनी विचारले, "पाणी खरोखरच गुलाबी आहे, की कॅमेऱ्याची करामत आहे?" शंका रास्त होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाण्याला हा रंग आला होता, असे त्यातून दिसून आले. म्हणजे रंग खराच होता. पण असे काही पुन्हा घडले, तर रंग कोणत्या काठाकडून पसरू लागला, किती दिवस टिकला, पाणी किती मागे हटले, हे सांगायला जुनी छायाचित्रे हवीत. तीही एकाच जागेवरून, ठरावीक दिवशी, एकाच पद्धतीने घेतलेली.

समजा, लोणार किंवा मेहकर येथील एका शाळेच्या विज्ञान मंडळाने हे काम हाती घेतले. वर्गणी जमली, पण ती नवा भारी कॅमेरा घेण्याइतकी नाही. म्हणून वापरलेला डिजिटल एस.एल.आर. कॅमेरा घ्यायचे ठरले. दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक निकॉन डी ७५०, २०१४ साली बाजारात आलेला. दुसरा निकॉन डी ५००, २०१६ चा. दोन्हींचे उत्पादन आता थांबले आहे; पण नीट वापरलेले असतील तर दोन्ही अजून वर्षानुवर्षे काम देतील. दुकानदार म्हणाला, "डी ७५० चा संवेदक मोठा आहे, फोटो झकास येतो. पण डी ५०० लांबची वस्तू दीडपट जवळ आणतो आणि सेकंदाला १० फोटो काढतो." आता काय करावे?

तुम्ही त्या मंडळात असता तर काय केले असते? घाईने उत्तर देऊ नका. कागद, पेन्सिल आणि कंपास घ्या.

एस.एल.आर. कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आधी एका तिरक्या आरशावर पडतो आणि तेथून वर परावर्तित होऊन तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो. 'खटक्' असा जो आवाज येतो तो या हालचालीचा. पूर्वी संवेदकाच्या जागी फिल्म असे. डी ७५० चा संवेदक त्या जुन्या फिल्मच्या चौकटीएवढाच, म्हणजे सुमारे ३६ मि.मी. रुंद व २४ मि.मी. उंच आहे. डी ५०० चा २३.५ मि.मी. रुंद व १५.७ मि.मी. उंच आहे. बाकी दोघांना भिंगे बसवण्याची खोबण एकच. या दोन कॅमेऱ्यांत पाहण्याजोगा फरक आहे तो मुख्यतः संवेदकाच्या आकाराचा.

आता लोणारचे माप घेऊ. विवराचा व्यास सुमारे १.८ कि.मी. आहे आणि तळाशी असलेल्या सरोवराचा सुमारे १.२ कि.मी. तुम्ही विवराच्या कडेवर उभे राहिलात, तर सरोवराचा मध्य तुमच्यापासून ९०० मीटरवर असतो आणि सरोवराची त्रिज्या ६०० मीटर असते. १ सें.मी. म्हणजे २०० मीटर असे प्रमाण धरा. ३ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याच्या मध्यापासून ४.५ सें.मी. अंतरावर एक बिंदू घ्या. तो बिंदू म्हणजे तुम्ही. त्या बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढा आणि त्यांमधला कोन मोजा. तो सुमारे ८४ अंश येईल. संपूर्ण सरोवर एका चित्रात मावायचे असेल, तर कॅमेऱ्याला एवढा कोन दिसला पाहिजे.

कॅमेऱ्याला किती कोन दिसेल हे दोन गोष्टी ठरवतात: भिंगाचे नाभीय अंतर आणि संवेदकाची रुंदी. दूरच्या वस्तूंची प्रतिमा भिंगापासून नाभीय अंतरावर पडते. म्हणून ३६ मि.मी. लांबीची रेषा काढा, तिच्या मध्यापासून २० मि.मी. समोर एक बिंदू घ्या आणि तो रेषेच्या दोन्ही टोकांना जोडा. कोन ८४ अंशच येतो! म्हणजे डी ७५० ला २० मि.मी. चे भिंग लावले की सरोवर नेमके मावते. हीच आकृती २३.५ मि.मी. ची रेषा घेऊन काढली तर कोन अवघा ६१ अंश येतो आणि सरोवराच्या दोन्ही कडा कापल्या जातात. अशा छोट्या संवेदकाच्या कॅमेऱ्यांबरोबर बहुधा १८-५५ मि.मी. चे भिंग मिळते. ते १८ वर ठेवले तरी ६६ अंशच दिसतात. डी ५०० साठी १३ मि.मी. चे भिंग हवे.

मग डी ७५० जिंकला का? अजून नाही. संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म चौकोन असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. डी ७५० मध्ये रुंदीच्या दिशेने ६,०१६ पिक्सेल आहेत, डी ५०० मध्ये ५,५६८. भागाकार केला तर पहिल्याचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा आणि दुसऱ्याचा सुमारे ४.२ मायक्रॉनचा निघतो. (१,००० मायक्रॉन म्हणजे १ मि.मी.) पलीकडचा काठ तुमच्यापासून १.५ कि.मी. दूर आहे. तेथे डी ७५० व २० मि.मी. भिंग यांच्या जोडीचा एक पिक्सेल सुमारे ४५ सें.मी. रुंदी व्यापतो, डी ५०० व १३ मि.मी. भिंग यांच्या जोडीचा ४९ सें.मी. हाताच्या चार बोटांइतकाही हा फरक नाही! सरोवरापुरते बोलायचे तर योग्य भिंग मिळाले की दोन्ही कॅमेरे जवळजवळ सारखेच आहेत.

आता दुकानदाराचे 'दीडपट जवळ' तपासू. लोणारच्या काठावर लांब तांबड्या पायांचे शेकाटे चरताना दिसतात. शेकाट्याची उंची सुमारे ४० सें.मी. धरू. तो ५० मीटरवर आहे आणि तुमच्याकडे ३०० मि.मी. चे भिंग आहे. प्रतिमेची उंची काढायला पक्ष्याच्या उंचीला नाभीय अंतराने गुणायचे आणि पक्ष्यापर्यंतच्या अंतराने भागायचे. सर्व मापे मि.मी. मध्ये घेऊ: ४०० × ३०० ÷ ५०,००० = २.४ मि.मी. या गणितात संवेदकाचा आकार कोठे आला का? कोठेच नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत शेकाट्याची प्रतिमा २.४ मि.मी. चीच पडते. लहान संवेदक फक्त भोवतालचा भाग कापून टाकतो. खिडकीची दोन दारे अर्धवट लोटून घेतली म्हणून समोरचा डोंगर जवळ येत नाही, तसेच हे. दुकानातल्या भाषेत ३०० चे भिंग ४५० चे 'होते', ते इतक्याच अर्थाने.

तरीही दुकानदार अगदीच चुकला नाही. २.४ मि.मी. उंचीत डी ७५० चे सुमारे ४०० पिक्सेल येतात आणि डी ५०० चे सुमारे ५७०. पिसांचे बारकावे दाखवायला तेवढे जास्त ठिपके मिळतात. हा फायदा खरा आहे. पण तो सुमारे १.४ पट आहे आणि तो पिक्सेल दाट असल्यामुळे आहे.

मोठ्या संवेदकाच्या कीर्तीचे कारण प्रकाश हे आहे. प्रकाश कणाकणाने येतो. पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या फरशांवर पडताना पाहा. एका फरशीवर सात, शेजारच्या तेवढ्याच फरशीवर बारा. पाऊस सगळीकडे सारखाच पडत असतो, तरी थेंब थोडे असले की असा फरक पडतोच. एका पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर त्यांत साधारण १० चा, म्हणजे शंभराच्या वर्गमुळाइतका चढउतार होतो. हा झाला १० टक्के. २०० कण पडले तर चढउतार १४ चा, म्हणजे ७ टक्केच. संधिप्रकाशातल्या छायाचित्रांत जी खसखस सांडल्यासारखी दिसते तिचे एक मोठे कारण हेच. डी ७५० च्या पिक्सेलचे क्षेत्रफळ डी ५०० च्या पिक्सेलच्या दुप्पट आहे, म्हणून त्यात दुप्पट कण मावतात व चित्र स्वच्छ येते.

पण आपल्या कामात याचा उपयोग किती? सरोवर काही पळून जात नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि शटर दुप्पट वेळ उघडे ठेवा, झाले. शेकाट्याचे तर याहून गंमतीचे आहे. एकाच भिंगातून त्याच्यापासून येणारा प्रकाश दोन्ही कॅमेऱ्यांत त्याच २.४ मि.मी. मध्ये पडतो, फक्त एकात तो ४०० पिक्सेलच्या उंचीत वाटला जातो, दुसऱ्यात ५७०. मोठ्या संवेदकाचा उरलेला भाग आकाश आणि चिखल टिपण्यात खर्च होतो. मोठा संवेदक उपयोगी पडतो तो हलती माणसे पूर्ण चौकटीत घ्यायची असतील आणि उजेड कमी असेल तेव्हा. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढायचे असते तर मी डोळे मिटून डी ७५० घेतला असता.

वेगाचा हिशेब सोपा आहे. डी ५०० सेकंदाला १० चित्रे घेतो, डी ७५० साडेसहा. सेकंदाला १० मीटर वेगाने उडणारा पक्षी दोन चित्रांच्या मध्ये पहिल्यात १ मीटर आणि दुसऱ्यात दीड मीटर पुढे सरकेल.

रंगाच्या बाबतीत दोघांत निवड करण्यासारखे काही नाही. पण एक सावधगिरी हवी. कॅमेरे स्वतःहून चित्रातील रंगाची झाक काढून टाकण्याचा प्रयत्न करतात. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ते ठीक आहे. पण गुलाबी सरोवरापुढे ही हुशारी नडते, कारण कॅमेरा खरा गुलाबीपणाच पुसायला जातो. म्हणून रंगसंतुलन 'ऊन' या खुणेवर कायम ठेवावे आणि चित्र 'रॉ' स्वरूपात साठवावे. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर या दोन्ही कॅमेऱ्यांच्या रॉ चित्रात १६,३८४ पर्यंत असू शकतात.

तर मग निर्णय? काम फक्त सरोवराच्या नोंदीचे असेल, तर डी ७५० आणि २० मि.मी. चे एखादे जुने भिंग ही जोडी साधी व पुरेशी आहे. पण लोणार हे अभयारण्य आहे. २०२० मध्ये ते रामसर यादीतही गेले. तेथे जाऊन पक्ष्यांकडे पाठ फिरवणारे विज्ञान मंडळ मला तरी ठाऊक नाही. डी ५०० घेतला तर सरोवराच्या चित्रात ४५ चे ४९ सें.मी. होतात, आणि पक्ष्यांच्या चित्रात ४०० चे ५७० पिक्सेल होतात. म्हणून मी डी ५०० घेईन. मात्र पैसे मोजण्यापूर्वी त्याच्यासाठी १०-२० मि.मी. चे हलके झूम भिंग त्याच पैशांत बसते का ते पाहीन. ते बसत नसेल तर विचार बदलेन. १८ चे भिंग लावून अर्धवट सरोवर टिपण्यात अर्थ नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले आहे ते विचारा; चित्राच्या फाइलमधूनही हा आकडा काढता येतो. डी ५०० चे शटर २,००,००० वेळा चालेल अशा बेताने बनवले होते, डी ७५० चे १,५०,००० वेळा. नंतर भिंगाचे छिद्र अगदी लहान करून पांढऱ्या भिंतीचे एक चित्र घ्या आणि मोठे करून पाहा. धुरकट काळे ठिपके दिसले तर संवेदकावर धूळ आहे. ती साफ करता येते. ओरखडा मात्र जात नाही. कॅमेरा घरी आला की विवराच्या कडेवरची एक सुरक्षित, सहज ओळखू येणारी जागा ठरवा, तिपाईच्या तीन पायांच्या जागा व उंची वहीत लिहून ठेवा, आणि दर महिन्याच्या पहिल्या चित्रात एक राखाडी पुठ्ठा कोपऱ्यात धरा. पुठ्ठा मात्र दरवेळी तोच हवा.