‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणजे नक्की कुणाच्या?

गावी, म्हणजे केमला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो: तू नक्की कशावर पीएचडी करतीस? यावेळी तो तात्यांनी विचारला. तात्या माझे चुलते. मी म्हणाले, “तात्या, बर्फावरून घसरायचा खेळ असतो ना, स्कीइंग? तिथं माणूस पडला, जखमी झाला, तर जबाबदार कोण, त्याचा अभ्यास.”

तात्या हसले नाहीत. म्हणाले, “आपल्याकडं बर्फ कुठाय बाई? कुगावची बोट बुडली, त्याला जबाबदार कोण ते सांग आधी.”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. पण माझा विषय आणि तात्यांचा प्रश्न एकच आहे, हे त्या दिवशी नीट कळलं. म्हणून ही पोस्ट.

दोन दिवस, दोन घटना

२० मे २०२४ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. मार्च २०२२ मध्ये क्रेस्टेड बट नावाच्या स्की रिसॉर्टमध्ये १६ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर लिफ्टच्या खुर्चीवर बसत होती. तिला नीट बसता आलं नाही, ती लोंबकळत राहिली. आरडाओरडा होऊनही लिफ्ट थांबली नाही, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. ती सुमारे ३० फुटांवरून पडली आणि तिला कायमचं अपंगत्व आलं. वडिलांनी आधी सही केलेली होती, की काही झालं तरी रिसॉर्टवर दावा करणार नाही.

दुसऱ्या दिवशी, २१ मेच्या संध्याकाळी, आमच्या करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात सापडून उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले. त्यात दोन लहान मुलं होती, आणि बोट चालवणाराही होता.

या दोन घटनांचा आपसात काही संबंध नाही. पण दोन्हीकडे कायद्याला तेच प्रश्न विचारावे लागतात. एकेक करून बघू.

पहिला प्रश्न: ही जोखीम त्या गोष्टीतच आहे का?

कबड्डी खेळताना गुडघा फुटला तर आपण कुणावर केस करत नाही. ती त्या खेळाची अंगभूत जोखीम. बर्फाचंही तसंच. उतार, झाड, खडक, बदलतं हवामान हे स्कीइंगमध्ये असणारच. कोलोरॅडोनं १९७९ मध्ये स्की सुरक्षा कायदा केला, त्यात हेच लिहून टाकलं: या गोष्टींमुळे झालेली इजा खेळणाऱ्याची.

हा कायदा यायला एक कारण होतं. १९७८ मध्ये शेजारच्या नव्हे, पार पूर्वेकडच्या व्हरमाँट राज्यात एका नवशिक्या स्कीयरला १५ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली होती. बर्फाखाली दडलेल्या झुडपात अडकून तो पडला होता आणि त्याचं शरीर लुळं पडलं. रिसॉर्टवाले आणि विमा कंपन्या हादरल्या, आणि त्यानंतर एकेका राज्यानं जोखमीची वाटणी कायद्यात लिहायला सुरुवात केली.

पण वाटणी म्हटलं की दोन हिस्से आले. खेळणाऱ्याच्या वाट्याला उतार आला, तर रिसॉर्टच्या वाट्याला धोक्याच्या पाट्या लावणं, वाटा आखणं आणि लिफ्ट सुरक्षित चालवणं आलं. लिफ्टवरून पडणं हा स्कीइंगचा भाग नाही. जत्रेतला आकाशपाळणा घ्या. वर गेल्यावर पोटात गोळा येणं ही तुमची जोखीम. पाळण्याचा नटबोल्ट ढिला असणं ही तुमची जोखीम असूच शकत नाही, कारण तो तुम्ही बघूही शकत नाही आणि आवळूही शकत नाही.

दुसरा प्रश्न: माणसानं ती जोखीम खरंच स्वीकारली होती का?

अपकृत्य कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: ज्यानं राजीखुशीनं धोका पत्करला, त्याला तक्रार करता येत नाही. विद्यार्थी परीक्षेत एवढंच लिहितात आणि मार्क घालवतात! कारण त्याला दोन अटी आहेत. धोका माहीत असायला हवा, आणि नाही म्हणायची मोकळीक असायला हवी. नुसतं माहीत असणं पुरत नाही.

स्कीइंगला जाणारा माणूस सुट्टी घेऊन, पैसे मोजून, हौसेनं जातो. कुगावच्या काठावरचा माणूस हौसेनं बोटीत बसत नाही. धरणाचं पाणी मध्ये आलं, समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. बाजार, पाहुणे, दवाखाना, सगळं पलीकडे. त्याला धोका माहीत असेलही. पण त्यानं तो राजीखुशीनं पत्करला, असं म्हणणं मला पटत नाही. पर्यायच नसेल तर संमतीला फारसा अर्थ राहत नाही. आणि मांडीवर बसलेल्या लेकरानं तर कशालाच संमती दिलेली नसते.

इथं सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगायला हवा. १९९५ मध्ये पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि १४ विद्यार्थी बुडाले. २००१ मध्ये न्यायालयानं प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. मुलांना नेणाऱ्या शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेच्या व्यवस्थापनावरही आली. म्हणजे जो पाण्यापर्यंत घेऊन जातो, त्याला ‘पाणी धोक्याचं होतं’ एवढं म्हणून सुटता येत नाही.

तिसरा प्रश्न: सही केली, पाटी लावली, मग संपलं का?

‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.’ ही पाटी वाचली नाही असा मराठी माणूस नसेल. तिचं कायद्यात वजन किती?

१९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्यानं गाडीची किल्ली कर्मचाऱ्याकडे दिली. गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी एकदा ताब्यात घेतली की तिची वाजवी काळजी घेणं हॉटेलचं काम. स्वतःचा निष्काळजीपणा त्या छापील ओळीमागे लपवता येणार नाही. गाडीच्या बाबतीत हे असेल, तर माणसाच्या जिवाच्या बाबतीत छापील ओळीवर किती विसंबायचं, तुम्हीच ठरवा.

कोलोरॅडोचा निकालही याच वळणाचा, पण त्यात एक बारकावा आहे आणि माझ्या प्रबंधाचा निम्मा भाग त्यावरच उभा आहे. न्यायालयानं वडिलांची सही पूर्ण रद्द केली नाही. सर्वसाधारण निष्काळजीपणाचा दावा त्या सहीमुळे अडला. टिकला तो दुसरा दावा: कायद्यानं आणि नियमांनी जी कर्तव्यं रिसॉर्टवर लेखी टाकली आहेत, ती मोडली असतील तर कुठलीही सही आड येणार नाही. खाजगी कागदानं सरकारी कर्तव्य पुसता येत नाही.

म्हणजे काय, तर आधी कर्तव्य कुठंतरी लिहिलेलं हवं. ते लिहिलेलं होतं म्हणून त्या मुलीचा दावा उभा राहिला.

चौथा प्रश्न: वारा आला, त्याला कोण काय करणार?

अपघातानंतर हे वाक्य हमखास ऐकू येतं. कायद्यात याला दैवी आपत्तीचा बचाव म्हणतात. पण तो मिळायला घटना अशी लागते की जिची अपेक्षाच करता आली नसती. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या १९५८ च्या एका निकालात भिंत पडून दोन मुलं दगावली होती. त्या दिवशी २.६६ इंच पाऊस झाला, असा मालकाचा बचाव. न्यायालय म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस होतोच, ही दैवी आपत्ती नव्हे.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. दुपारपर्यंत अंगाची लाही, चारनंतर आभाळ भरून येतं आणि वावटळ उठते. वळीव कुठल्या दिवशी येईल ते सांगता येत नाही, पण मे महिन्यात येणार हे सोलापूर जिल्ह्यातलं पोरगंही सांगेल. मग वारा सुटल्यावर बोट सोडायची नाही, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, किती माणसं बसवायची त्याचा आकडा हवा, ही अपेक्षा जास्तीची नाही.

मग कुगावला जबाबदार कोण?

त्या दिवशीचा दोष कुणाचा, हे मी इथं बसून ठरवणार नाही. ते तपासाचं आणि न्यायालयाचं काम. पण कायदा फक्त वल्हं ज्याच्या हातात त्याच्याकडेच बघत नाही. १९१७ चा जुना कायदा बदलून आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात बोटींची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याची पात्रता, जीवरक्षक साधनं आणि विमा यांच्या तरतुदी आहेत, आणि अंमलबजावणीचा मोठा भाग राज्य सरकारकडे आहे. साहसी पर्यटनासाठी महाराष्ट्रानं २०२१ मध्येच धोरण आणलं, त्यात नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे हौसेनं पाण्यात उतरणाऱ्यासाठी आणि गरजेनं उतरणाऱ्यासाठी, दोघांसाठीही कर्तव्यं कागदावर आहेत. कागद आणि घाट यांच्यातलं अंतर कोण मोजतं, हा खरा प्रश्न आहे. बोट चालवणारा स्वतःच त्या पाण्यात गेला, तेव्हा ‘त्याचीच चूक’ म्हणून फाइल बंद करणं सगळ्यात सोपं असतं. म्हणूनच तिथं थांबायचं नाही.

तुमच्या हातात काय आहे?

तिकीट जपा. चार पैसे देऊन पाळण्यात, बोटीत, वॉटरपार्कमध्ये गेलात की तुम्ही ग्राहक झालात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटी आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ग्राहक हयात नसेल तर त्याच्या वारसांनाही. फुकट सेवेला मात्र हा कायदा लागू होत नाही, म्हणून पावती मागायला लाजू नका.

जीव गेला असेल तर फौजदारी बाजू वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी ती दोन वर्षांपर्यंत होती. आणि भरपाईची तक्रार व फौजदारी गुन्हा दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, एकामुळे दुसरं अडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, अपघाताच्या आधी विचारा. किती माणसं बसतात? जॅकेट कुठंय? नोंदणी आहे का?

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “समजलं. पण घाटावर उभं राहून असं विचारलं तर तो म्हणणार, बसायचं तर बस, नाहीतर राहा.”

बरोबर आहे. एकट्यानं विचारलं तर तेच उत्तर येणार. ग्रामसभेत दहा जणांनी विचारलं आणि ठरावात लिहून घेतलं, तर ते कागदावर येतं. आणि कागदावर आलेलं कर्तव्य सहजासहजी पुसता येत नाही, एवढं तर त्या बर्फातल्या खटल्यानं मला शिकवलंय.