घरच्या कुत्र्यास धुताना कोणती द्रव्ये वापरावीत

जालना जिल्ह्यात मळ्यातील वस्तीवर, गोठ्यापाशी व मेंढरांच्या कळपाबरोबर राखणीसाठी कुत्रे पाळण्याची रीत जुनी आहे. त्याच्या अंगावर गोचीड किंवा पिसवा झाल्या म्हणजे घरात जे हाताशी असेल ते लावून त्यास धुऊन काढण्यात येते. कपाशीच्या या मुलखात हाताशी असते ती पुष्कळदा फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली, आणि खरा धोका येथेच आहे.

गोचिडाच्या औषधातही डेल्टामेथ्रिन असते व पिकाच्या औषधातही असते. मग पिकाचेच थोडे पाण्यात टाकले तर काय बिघडले, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न गैरवाजवी नाही. परंतु पिकाच्या औषधाची तीव्रता व त्यातील विद्रावक निराळे असतात. जनावराच्या कातडीचा विचार करून ते बनविलेले नसते. शिवाय कुत्रे आपले अंग चाटते. जे अंगास लावले ते पोटात जाणार, असे धरूनच चालावे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील औषधे तर कातडीतूनही शरीरात शिरतात. लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंग थरथरणे व धाप लागणे ही त्या विषबाधेची लक्षणे होत. ती दिसताच हातमोजे घालून कुत्र्याचे अंग भरपूर पाण्याने धुवावे आणि बाटली बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. बाटलीवरील हिरवा त्रिकोण पाहूनही कोणी निर्धास्त होऊ नये. तो कमी विषारीपणा दाखवितो, जनावरास लावण्याची परवानगी नव्हे.

फिनेल हे फरशीसाठी आहे. त्याने कातडी भाजते. रॉकेलही तसेच, आणि चाटताना ते फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. कपड्यांचा साबण व धुण्याचा सोडा यांनी कातडीवरील तेलकटपणा नाहीसा होऊन खाज वाढते. माणसाच्या कातडीपेक्षा कुत्र्याच्या कातडीचा बाह्य थर पातळ व कमी आम्लधर्मी असतो. म्हणून माणसांचा साबणही रोजच्या उपयोगाचा नाही.

कुत्र्यांसाठी बनविलेला शाम्पू मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास लहान मुलांचा सौम्य शाम्पू क्वचित वापरण्यास हरकत नाही. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेल्यास आग होते व पोटात गेल्यास ओकारी होते. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी सहसा अपाय करीत नाही, पण त्याने गोचीड मरतील अशी अपेक्षा मात्र करू नये. काहीही वापरले तरी ते पूर्णपणे धुऊन काढणे हे निम्मे काम होय. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असता दाट दातांच्या फणीने अंग विंचरले तरी पुष्कळ भागते.

गोचीड फार असल्यास अमिट्राझसारखे जनावरांचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वेष्टनावरील प्रमाणातच पाण्यात मिसळावे. लहान पिलांस किंवा जखमेवर ते लावू नये. पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजरास कधीही लावू नये. ते मांजरास मारक ठरते. उरलेले पाणी विहीर, हौद किंवा ओढ्याजवळ ओतू नये, कारण अशा औषधांनी मासे मरतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानी आणून द्यावी. कुत्र्याचा गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसून भिंतीच्या भेगांत काढतो, व मादी तेथेच हजारो अंडी घालते. तेव्हा कुत्रे धुण्याच्या दिवशीच त्याची बसण्याची जागा झाडून काढावी, अंथरलेले पोते जाळावे आणि गोठ्याच्या भेगा लिंपून घ्याव्यात.