दुआ आडवी येत नाही, रातपाळी येते

“ते लोक डॉक्टरकडे जातच नाहीत. आधी मौलवी, मग दर्गा.” भिवंडीतल्या मुस्लिम वस्त्यांमधल्या मानसिक आजारांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. वज्रेश्वरीच्या माणसाला तरी ते पटायला नको. तानसेकाठच्या या गावात लोक देवीला नवस बोलतात, गरम कुंडात अंग शेकतात आणि ताप हटेना की प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी चढतात. यात कुणालाच काही विसंगत वाटत नाही. तीच गोष्ट वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या भिवंडी शहरात यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबाने केली, की तिला अंधश्रद्धा म्हणायचं आणि धर्माच्या खात्यावर मांडायचं, हे बरोबर नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालं. नैराश्य, चिंताविकार यांसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या सुमारे ८५ रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं त्यात दिसलं. हा आकडा सगळ्या धर्मांचा मिळून आहे. दर्ग्यात जाणाऱ्यांत हिंदूही मोठ्या संख्येने असतात आणि देवळात अंगात येतं तेव्हाही डॉक्टर आठवायला वेळ लागतोच.

मग भिवंडीत खरी अडचण कुठे आहे? ती घड्याळात आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी १८५७ नंतर इथे वस्ती केली. आज मागावर बसणाऱ्यांत पूर्वांचल आणि बिहारमधून एकट्याने आलेले कामगार खूप आहेत. पाळी बारा तासांची असते आणि मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. शेडमधल्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. पत्र्याच्या खोलीत आळीपाळीने झोपायचं, बिशीवर म्हणजे कामगारांच्या खानावळीत जेवायचं, गावी पैसे पाठवायचे. अशा माणसाला झोप लागेनाशी झाली, छातीत धडधडू लागलं, तर तो सकाळची ओपीडी गाठणार कसा? गेला तर दिवसाची मजुरी बुडते, शिवाय ठाण्याला जाण्या-येण्याचं भाडं वेगळं. वज्रेश्वरीच्या बाजूचा, म्हणजे गावाकडचा रुग्ण असेल तर आधी भिवंडी आणि तिथून पुढे दुसरी गाडी. १९०१ साली सुरू झालेलं ठाण्याचं मनोरुग्णालय नकाशावर जवळ दिसतं, पण रोजंदारीवर जगणाऱ्याला ते फार लांब पडतं.

“टेन्शन हे पैसेवाल्यांचं दुखणं” असंही म्हणतात. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात कमी उत्पन्नाच्या घरांत मानसिक आजारांचं प्रमाण जास्त आढळलं. फरक पडतो तो तक्रार सांगण्याच्या रीतीत. गल्लीतल्या दवाखान्यात आलेली बाई नैराश्य आलंय असं म्हणत नाही. डोकं जड होतं, हातापायांना मुंग्या येतात, जी घबराता है, असं सांगते. मग सलाइन लागतं, टॉनिक मिळतं, चार दिवस बरं वाटतं आणि ती पुन्हा येते. त्या डॉक्टरने झोप, भूक आणि मन कशात रमतं का, एवढं विचारलं तरी आजार वेळेवर हाती लागू शकतो.

सगळ्यांत जास्त इजा करणारा समज म्हणजे “ईमान कमजोर आहे म्हणून हे झालं.” खचलेल्या माणसाला हे ऐकवलं की तो आधी स्वतःला गुन्हेगार मानतो आणि मग गप्प होतो. इस्लामची परंपरा मात्र हे सांगत नाही. आजारावर इलाज करून घ्यावा, असं हदीस सांगते. बुद्धी ठिकाणावर नसलेल्या माणसावर शरियत नमाज-रोज्याची जबाबदारीही टाकत नाही. ९३४ मध्ये वारलेल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेलं दुःख आणि उघड कारणाशिवाय जडणारी उदासी यांत त्याने फरक केला होता. तेराव्या शतकात कैरोच्या मन्सुरी रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. हे जुम्याच्या बयानात एखाद्या इमामाने सांगितलं, तर त्याचा परिणाम आरोग्य खात्याच्या दहा फलकांहून मोठा होईल, अशी माझी खात्री आहे.

याचा अर्थ दर्ग्यांवर घडतं ते सगळं चालवून घ्यायचं, असा नाही. तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांसह २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं किंवा बांधून ठेवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुन्हा ठरवलाय. प्रार्थनेला मात्र यातला एकही कायदा हात लावत नाही.

साखळी तोडायची आणि श्रद्धेला धक्का लावायचा नाही, हे जमतं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम चालला. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले. दुआ मागितल्यावर मुजावरच रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवत. ज्याच्यावर विश्वास आहे त्याने सांगितलं, म्हणून लोक गोळ्याही घेऊ लागले.

“पण एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून?” हा प्रश्न बिनतोड वाटतो, तसा तो नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, आपल्या आशाताईंसारख्याच असलेल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना नैराश्यात असलेल्या गरोदर बायकांशी कसं बोलायचं ते शिकवलं गेलं. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, असं बोलणं झालेल्यांपैकी २३ टक्के बायकांत गंभीर नैराश्य उरलं होतं. ज्यांच्याकडे नुसत्याच भेटी झाल्या, त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होतं. या बायका गरीब होत्या आणि मुस्लिम होत्या. त्यांच्या दारात ओळखीची बाई बसली आणि त्या बोलल्या. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडूनही चांगले परिणाम मिळाल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं.

भिवंडीला ही वाट नवी नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या या गावात सुरेश खोपडे यांनी पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. गल्लीतल्या माणसांना एकत्र बसवून दंगल टाळता येते, तर त्याच गल्लीत आठवड्यातून दोन संध्याकाळी मानसोपचाराची ओपीडी का चालू नये? हिंदी-उर्दू बोलणारा समुपदेशक, बायकांसाठी बाई आणि वेळ पाळी बदलण्याच्या सुमाराची, एवढंच तर हवंय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याने रुग्णाची वाट बघत बसू नये.

औषधांविषयीची भीतीही दूर व्हायला हवी. नैराश्याच्या गोळ्यांची नशा चढत नाही. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि नेमकं त्याआधीच बरेच जण त्या सोडतात. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, म्हणून त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. रमजानमध्ये गोळ्या बंद करण्याचीही गरज नसते. अनेक औषधं इफ्तार किंवा सहरीच्या वेळी घेता येतात, पण वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारून. लिथियम घेणाऱ्याने तर रोजा धरण्याआधी त्यांना भेटायलाच हवं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात या औषधाचं प्रमाण वाढू शकतं.

आणि पोलीस केसची धास्ती. घरात कुणी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला, तर केस होईल म्हणून आजही लोक दवाखाना टाळतात. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरावं, शिक्षा करू नये, असं २०१७ चा कायदा सांगतो. त्याची काळजी घेणं आणि उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे. अशा वेळी आधी जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट आहे, मराठीत आणि हिंदीत बोलता येतं आणि तो चोवीस तास लागतो.