मेंढीकोट : पानं वाटण्याआधी

मेंढी म्हणजे दश्शी. सगळा खेळ या चार पानांसाठी.

• चौघे खेळाडू, समोरासमोर बसलेले भिडू. 52 पत्ते, प्रत्येकी 13. एक्का सर्वांत मोठा, दुर्री सर्वांत लहान.

• उतारीच्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायचं. नसेल तर हुकूम मारता येतो.

• ‘बंद हुकूम’मध्ये एक पान आधीच पालथं ठेवतात. ‘कट हुकूम’मध्ये उतारीचा रंग ज्याच्याकडे प्रथम नसतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम ठरतो.

• 3 मेंढ्या मिळवणारी जोडी जिंकते. 2-2 झाल्यास 7 किंवा अधिक हात करणारी. चारही मेंढ्या एकाच जोडीकडे आल्या, की मेंढीकोट.

• नवख्याचा पहिला धडा : भिडूचा एक्का पडला की त्याच रंगाची दश्शी त्यावर सोडावी. मात्र पुढच्याने हुकूम मारला, तर मेंढी गेलीच.