एका संगणकावर दोन कार्यप्रणाली : जुन्या मराठी फायलींच्या संदर्भात

१९९० नंतरच्या दोन दशकांत संगणकावर टंकलिखित झालेले बरेचसे मराठी साहित्य आज एका चमत्कारिक अवस्थेत आहे. प्रबंध, शब्दसूची, पोथ्यांच्या नकला, लोकगीतांची संकलने, नियतकालिकांचे अंक हे सारे डिस्कवर शाबूत असते, फाईल उघडतेही. पण पडद्यावर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांचा गलबला उमटतो. कसर लागलेल्या पोथीत काय गेले आणि काय उरले हे निदान डोळ्यांना दिसते. येथे काहीच गेलेले नसते, आणि तरीही वाचता काही येत नाही.

याचे कारण त्या काळच्या लेखनपद्धतीत आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले होते आणि त्यात अक्षराला संकेतांक होता. परंतु छपाईच्या व्यवहारात ज्या मराठी प्रणाली रुजल्या, त्यांतील बहुतेकींनी आपापल्या फॉन्टचे संकेत वापरले. अशा फाईलमध्ये अक्षर साठवलेले नसते, तर अक्षराचा आकार साठवलेला असतो. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर अशी नोंद होते, कारण कागदावर ती तशी दिसते. 'ग' हा पुष्कळ ठिकाणी अर्धा ग आणि काना असा दोन तुकड्यांत असतो. जुन्या खिळेजुळाऱ्याची ही दृष्टी आहे, वैयाकरणाची नव्हे. तो विशिष्ट फॉन्ट आणि त्याची ती प्रणाली असेपर्यंत पान नीट दिसते. ती नाहीशी झाली की उरतात ते केवळ आकारांचे क्रमांक.

या प्रणाली त्या त्या काळच्या विंडोजसाठी तयार झाल्या. काहींना संगणकाच्या मागे खोचण्याचे एक कुलूपवजा उपकरण लागे. ते नसेल तर प्रणाली उघडत नसे. त्यांतील सर्वांत जुन्या प्रणाली १६ बिटी आहेत, आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रणाली चालत नाहीत. विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्तीच निघाली नाही. म्हणजे या जुन्या मंडळींना आसरा देणारे शेवटचे घर म्हणजे ३२ बिटी विंडोज १०. आणि तिची सर्वसाधारण सुरक्षादुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आता ती ठेवावी तर इंटरनेटवर नेणे धोक्याचे, आणि काढावी तर वीस वर्षांचे टंकलेखन मुके होते.

या पेचातून निघण्याची एक वाट अशी की, त्याच संगणकाच्या डिस्कवर विंडोज १० आहे तेथेच राहू द्यावी, तिचे इंटरनेट कायमचे तोडावे, आणि शेजारी लिनक्सची एखादी आवृत्ती बसवून चालू लेखन, पत्रव्यवहार व ग्रंथालयांचे शोध तिच्यावर करावेत. यंत्र सुरू होताना कोणती कार्यप्रणाली हवी ते विचारते. उत्तर मिळेल ती उठते, दुसरी निजून राहते. या व्यवस्थेची तुलना द्विभाषिक मनाशी करण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकाला होणे स्वाभाविक आहे, पण ती तुलना टिकत नाही. द्विभाषिक माणसाच्या एका भाषेत दुसरी सदैव डोकावत असते. येथे एक जागी असताना दुसरीला कशाचाही पत्ता नसतो, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणी याच अज्ञानातून उद्भवतात.

दुसरीही एक वाट आहे : लिनक्सच्या आतच एक आभासी संगणक उभारून त्यात जुनी विंडोज चालवणे. यंत्रात स्मृती भरपूर असेल आणि मराठी प्रणालीला कुलपाचे उपकरण लागत नसेल, तर ही वाट अधिक सोयीची आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांतील लहानशा मराठी विभागात जे यंत्र असते ते बहुधा जुने, चार जीबी स्मृतीचे असते. त्यात एकावर एक दोन संसार चालत नाहीत. शिवाय कुलपाची ती जुनी उपकरणे आभासी यंत्राला दर वेळी ओळख देतीलच असे नाही.

यंत्र सुरू होते तेव्हा काय घडते हे समजून घेतल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे 'बायॉस'च्या यंत्रात, वीज मिळताच डिस्कचा पहिला खंड वाचला जातो. हा खंड अवघा ५१२ बाइटांचा. त्यातील ४४६ बाइटांत एक इवलासा कार्यक्रम बसतो, पुढच्या ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटांत खूण. तक्त्यात चारच नोंदी मावतात. म्हणून अशा डिस्कवर मुख्य विभाग चारांपेक्षा अधिक करता येत नाहीत. तो इवला कार्यक्रम आपल्याहून मोठ्या कार्यक्रमाला हाक मारतो आणि तो कार्यप्रणालीला उठवतो. लिनक्ससोबत येणारा 'ग्रब' हा असा उठवणारा आहे. तो स्वतःबरोबरच विंडोजचीही नोंद ठेवतो आणि पडद्यावर यादी मांडतो. विंडोजचा उठवणारा मात्र लिनक्सची दखल आपण होऊन घेत नाही, आणि विंडोज पुन्हा बसवल्यास तो पहिल्या खंडावर आपलेच लेखन करतो. विंडोज आधी, लिनक्स नंतर, हा जो क्रम सर्वत्र सांगितला जातो, त्याचे मूळ येथे आहे.

नंतरच्या यंत्रांत 'यूईएफआय' ही पद्धत आली. तीत डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग राखलेला असतो, प्रत्येक कार्यप्रणाली त्यात आपापले दप्तर ठेवते, आणि विभागांची संख्याही चारांवर अडत नाही. ही पद्धत अधिक सुसंस्कृत आहे यात शंका नाही. परंतु २०१५ च्या आसपासची कितीतरी यंत्रे दोन्ही पद्धतींनी सुरू होऊ शकतात, आणि ३२ बिटी विंडोज त्यांवर बहुधा जुन्याच पद्धतीने बसवलेली आढळते. लिनक्स नव्या पद्धतीने बसवली तर दोघींच्या वाटा वेगळ्या होतात आणि निवडीची यादी विंडोजपर्यंत पोहोचत नाही. विंडोज ज्या पद्धतीने बसली असेल त्याच पद्धतीने पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे. विंडोज ३२ बिटी असली तरी यंत्राचा प्रोसेसर बहुधा ६४ बिटी असतो, तेव्हा ६४ बिटी लिनक्स बसायला हरकत नसते.

आता तयारीविषयी. सर्व जुन्या फायलींच्या दोन प्रती काढाव्यात, आणि त्यांतील एक तरी या यंत्राला जोडलेली नसावी. फायलींबरोबर फॉन्टही घ्यावेत, कारण नाव तेच असलेल्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत संकेत बदललेले असू शकतात. मराठी प्रणाली ज्या सीडीवरून बसवली तिचीही प्रत असावी. हे सारे कंटाळवाणे आहे, पण लिनक्स बसवताना एक पडदा असा येतो की त्यावर 'विंडोजच्या शेजारी बसवा' आणि 'सारी डिस्क पुसून बसवा' हे दोन पर्याय एकाखाली एक असतात. पोथी जळायला निदान आग लागते. डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असेल, तर ती सोडवण्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी; सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला की विंडोज ती मागू शकते.

लिनक्ससाठी जागा विंडोजमधूनच मोकळी करावी. तेथील डिस्क-व्यवस्थापनात विभाग आक्रसण्याची सोय आहे. कधी कधी डिस्कवर शंभर जीबी रिकामी असूनही दहाच देऊ केली जाते. विभागाच्या टोकाशी न हलणारी एखादी यंत्रणेची फाईल बसलेली असते. शीतनिद्रेची सोय तात्पुरती बंद करून पुन्हा प्रयत्न केल्यास बहुधा काम भागते. मोकळ्या जागेपैकी तीस-चाळीस जीबी लिनक्सला पुरे. उरलेल्या भागात एनटीएफएस पद्धतीचा, दोघींना वाचता-लिहिता येईल असा एक सामाईक विभाग ठेवावा. चार नोंदींची मर्यादा असल्यास शेवटची नोंद विस्तारित विभागाला द्यावी आणि त्याच्या पोटात हे दोन्ही करावेत. प्रत्यक्ष बसवणे अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. यादीत विंडोज दिसली नाही तर घाबरू नये : २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबने इतर कार्यप्रणालींचा शोध घेणे मुळात बंद ठेवले आहे. त्याच्या मांडणीच्या फाईलमध्ये एक ओळ बदलून ते सुरू करता येते.

त्यानंतरच्या अडचणी अधिक सूक्ष्म आहेत. विंडोज ८ पासून 'जलद सुरुवात' नावाची एक सोय आली. तिच्यामुळे विंडोज बंद केली तरी ती पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि सामाईक विभाग आपल्या हाती आहे अशीच तिची समजूत राहते. लिनक्सला मग तो विभाग केवळ वाचता येतो, लिहिता येत नाही. आग्रहाने लिहिल्यास फायली बिघडतात. ही सोय बंद करणे अत्यावश्यक आहे.

घड्याळाचा घोटाळा यापेक्षा गमतीचा, पण अभ्यासकाला अधिक घातक आहे. यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळ दाखवते असे विंडोज मानते. लिनक्स ते जागतिक वेळेचे मानते. परिणामी दुपारी दोन वाजता लिनक्समधून विंडोजमध्ये परतावे तर तेथे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. इंटरनेट तोडलेले असल्याने विंडोज आपली चूक सुधारूही शकत नाही. मग दुपारी दुरुस्त केलेल्या खर्ड्यावर सकाळची वेळ पडते, आणि कोणता पाठ आधीचा व कोणता नंतरचा हा पाठचिकित्सेचा जुना प्रश्न स्वतःच्याच लेखनाबाबत उभा राहतो. यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची सूचना लिनक्सला एका आज्ञेने देता येते. उन्हाळी-हिवाळी वेळ बदलणाऱ्या देशांत हा उपाय त्रासाचा ठरतो. भारतात तो निर्वेध आहे.

फायलींच्या नावांचा प्रश्न मराठी लिहिणाऱ्यालाच जाणवतो. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ एककांची आहे, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तेथे एक एकक धरले जाते. लिनक्सच्या नेहमीच्या विभागात मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि तेथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे ८५ चिन्हे, आणि त्यांतही काना, वेलांटी व हलन्त प्रत्येकी एक चिन्ह. एकटा 'क्ष' नऊ बाइटांचा. लेखाचे संपूर्ण शीर्षक, नियतकालिकाचे नाव आणि वर्ष असे फाईलचे नाव ठेवण्याची सवय असलेल्यांच्या फायली सामाईक विभागातून लिनक्सच्या विभागात उतरवताना नाकारल्या जातात. रोमनमध्ये लिहिणाऱ्याला ही मर्यादा आयुष्यात कधी भेटत नाही.

अधिक नव्या यंत्रांवर, जेथे दोन्ही कार्यप्रणाली जालाशी जोडलेल्या असतात, तेथे आणखी एक धोका संभवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षादुरुस्तीनंतर सुरक्षित बूट चालू असलेल्या अनेक दुहेरी यंत्रांवर लिनक्स सुरू होईनाशी झाली. फायली सुरक्षित होत्या, वाट तेवढी बंद झाली होती. जालापासून तोडलेल्या विंडोजला हा धोका नाही.

मांडणी झाल्यावर खरे काम सुरू होते. जुनी फाईल विंडोजमध्ये तिच्या मूळ प्रणालीत उघडायची, पानाची छापील प्रत किंवा पीडीएफ काढायची, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून सामाईक विभागात ठेवायचा, आणि लिनक्समध्ये तो वाचून तपासायचा. रूपांतर करणाऱ्या प्रणाली आहेत, पण त्या आकारांवरून अक्षरांचा तर्क करतात, आणि तर्क चुकतो तो ठराविक जागी : रफार एका अक्षराने सरकतो, 'दऱ्या'मधला ऱ् आणि 'आर्या'मधला र् एकमेकांत मिसळतात, जोडाक्षरातील वेलांटी भलत्या व्यंजनावर बसते. संत-साहित्याच्या किंवा बोलींच्या संहितेत अशी चूक सहज ओळखू येत नाही. अपरिचित रूप हे जुने रूप आहे की रूपांतराचा दोष, हे संदर्भावरून ठरत नाही, आणि पीडीएफच्या बारीक अक्षरांत पुष्कळदा तेही स्पष्ट दिसत नाही. अशा शब्दाशी थांबून यंत्र बंद करावे, यादीतून विंडोज निवडावी, दोन-तीन मिनिटे वाट पाहावी आणि मूळ पानावर तो शब्द मोठा करून पाहावा.